बंद झालेल्या कोळसा खाणीचं भूजल कसं मोजावं: विहिरीच्या जागेपासून आलेखापर्यंत

खाण बंद होते, खड्डा ओबीने (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाने) भरला जातो, वर बांबू-सागाची रोपं लागतात. मग दोन पावसाळ्यांनी कुणीतरी जवळच्या विहिरीत टेप सोडतो आणि ‘भूजल पूर्ववत’ असं लिहून मोकळा होतो. चंद्रपूर, घुग्गुस, राजुरा, वणी या वर्धा खोऱ्याच्या पट्ट्यात काम करताना अशा नोंदी वारंवार हाती येतात, आणि त्यातल्या चुकाही ठरलेल्या असतात: मे महिन्याची पातळी ऑक्टोबरशी ताडलेली, भरावातलं पाणी आणि शेजारच्या वालुकाश्मातलं पाणी एकाच आकड्यात मिसळलेलं, पीएच ठीक दिसला म्हणून पाणी चांगलं ठरवलेलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. पातळीचं सावरणं आणि प्रतीचं सावरणं एकाच वेळी होत नाही. पातळी वर येते त्याच वर्षांत प्रत बहुधा बिघडते, कारण इतकी वर्षं हवेत कोरडे पडलेले दगड पहिल्यांदा पाण्याखाली जातात आणि त्यांच्यावर साचलेले क्षार विरघळतात. त्यामुळे दोन्हींची मोजणी वेगवेगळी आखायची आणि एकत्र वाचायची.

## टप्पा १: कागद आधी, टेप नंतर

खाणीच्या कार्यालयातून किंवा खाणबंदीच्या आराखड्यातून एवढं मिळवा:

- खड्ड्याच्या तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि भराव कुठून कुठपर्यंत, कोणत्या वर्षी झाला
- सम्पमधले (खाणीच्या तळात पाणी साठवायच्या खड्ड्यातले) पंप कोणत्या महिन्यात थांबले
- भरावात औष्णिक केंद्राची राख टाकली आहे का, आणि नेमकी कुठे
- शेवटचा खड्डा मोकळा ठेवला असेल तर त्याची खोली आणि सांडव्याची उंची
- जवळपासच्या जुन्या भूमिगत कामांचे नकाशे
- शेजारच्या कोणत्या खाणीत उपसा अजून चालू आहे

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. घुग्गुस, निलजई, नायगाव, मुंगोली या खाणी एकमेकींच्या जवळ आहेत. तुमच्या खाणीचे पंप बंद झाले, पण शेजारच्या खाणीत रात्रंदिवस उपसा चालू असेल, तर पातळी एका उंचीवर येऊन अडते. ती ‘स्थिरावली’ असं वाटतं. खरं तर ती शेजारच्या पंपाने धरून ठेवलेली असते.

मग हाताने एक उभा छेद काढा. वर काळी माती, त्याखाली कामठी वालुकाश्म, त्याखाली कोळशाचे थर असलेला बराकार, आणि मध्ये कापलेल्या जागी ओबीचा भराव. काही भागात वरती बेसाल्टही सापडतो. कामठी हा या भागातला मुख्य जलधर, म्हणजे पाणी धरणारा खडक. गावांच्या बऱ्याच बोअर त्यातच आहेत. भरावाचं पाणी या कामठीकडे जातंय का, हाच सगळ्या मोजणीमागचा प्रश्न आहे.

इशारा: ‘खाणीआधीची पातळी’ म्हणून जो आकडा हाती येईल त्याची तारीख बघा. पर्यावरण आघात अहवाल पुष्कळदा विस्तारीकरणासाठी केलेला असतो, म्हणजे मोजणी झाली तेव्हा मूळ खाणीचा उपसा आधीच कित्येक वर्षं चालू होता. ती पातळी मुळात खाली गेलेली. तिच्याशी तुलना केली की सावरणं लवकर पूर्ण झाल्यासारखं दिसतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी शोधा, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा की उन्हाळ्यात विहिरीला किती परस पाणी असायचं. तोंडी माहितीचा आकडा अचूक नसतो, पण अहवालातला घोटाळा त्यातून लगेच लक्षात येतो.

## टप्पा २: विहिरी कुठे हव्यात

मोठं जाळं लागत नाही, योग्य जागा लागतात. भरावात किमान दोन: एक सर्वांत खोल भागात, एक नदीकडच्या कडेला. भूजल ज्या बाजूने येतं तिकडे, म्हणजे चढाच्या बाजूला, एक. उताराच्या बाजूला खाण आणि पहिलं गाव यांच्या मध्ये दोन, पैकी एक उथळ आणि एक कामठीतली. नदी जवळ असेल तर काठाला एक. मोकळ्या खड्ड्यात पाणीपातळीची पट्टी रोवा. तोही एक निरीक्षणबिंदूच आहे.

शिवाय एक नियंत्रण विहीर: त्याच खडकातली, पण खाणीच्या उपशाचा परिणाम न पोचणाऱ्या अंतरावरची. ही नसेल तर पावसाचा परिणाम आणि खाणीचा परिणाम वेगळा काढता येत नाही. खर्च वाचवताना हीच विहीर आधी कापली जाते.

गावातल्या वापराच्या विहिरी जरूर घ्या, पण पूरक म्हणून. शेतातल्या साडेसहा इंची बोअरला वरचं केसिंग सोडलं तर खाली सगळं उघडं असतं. तीन-चार थरांचं पाणी त्यात मिसळतं. तिथली पातळी कोणत्याच एका थराची नसते.

## टप्पा ३: बोअर मारताना

एका थराला एक बोअर. एकाच भोकात दोन पाइप सोडून मध्ये माती टाकण्याची युक्ती स्वस्त पडते, पण मधलं सील बहुधा गळतं. चार-पाच मीटर अंतरावर दोन वेगळी भोकं घ्या.

क्रम असा: भोक, तळाशी थोडी खडी, स्लॉटेड (चिरा पाडलेला) पाइप फक्त हव्या त्या थरासमोर, त्याभोवती धुतलेली गोल खडी, तिच्यावर किमान एक मीटर बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती), ते फुगायला वेळ, आणि मग सिमेंट. वर कुलूपबंद झाकण आणि पाणी बाहेर ढकलणारा उतरता ओटा. भरावात भोक ढासळत राहतं, म्हणून केसिंग सोबत उतरवणारी पद्धत लागते. फोम किंवा रसायन मात्र वापरू देऊ नका. त्याचे अंश महिनोन्‌महिने नमुन्यात येतात.

मग कॉम्प्रेसरने फ्लशिंग, म्हणजे हवेच्या जोराने बोअर धुणं. गाळ थांबून पाणी नितळ येईपर्यंत, अर्धा तास झाला म्हणून नव्हे.

तपासा: नव्या बोअरचा पीएच १० च्या वर येत असेल तर तो खाणीचा गुण नाही. सिमेंट स्लॉटपर्यंत उतरलं आहे. पुन्हा फ्लशिंग करूनही उतरला नाही तर ती विहीर प्रतीच्या मोजणीतून वगळा, पातळीसाठी चालेल.

## टप्पा ४: मोजणीबिंदू आणि उंची

हा टप्पा छोटा वाटतो आणि सर्वाधिक अहवाल इथेच फसतात.

केसिंगच्या काठावर, उत्तरेच्या बाजूला, करवतीने छोटी खाच पाडा आणि रंग लावा. यापुढे प्रत्येक मोजणी त्या खाचेपासून. नोंदवहीत लिहा: खाचेची जमिनीपासून उंची, खाचेची समुद्रसपाटीपासूनची उंची, ती कोणत्या बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून) आणली. सगळ्या विहिरी, नदीची पट्टी आणि खड्ड्याची पट्टी एकाच बेंचमार्कला जोडलेल्या हव्यात. मोबाइलमधल्या जीपीएसची उंची काही मीटरने चुकते, आणि आपल्याला तर विहिरी-विहिरींमधला अर्ध्या मीटरचा फरक वाचायचा असतो.

आता भरावातली खास अडचण. ओबीचा भराव वर्षानुवर्षं खचत राहतो, विशेषतः पाणी पहिल्यांदा वर चढतं तेव्हा. सोबत केसिंगही खाली जातं. समजा खाच ३० सेंटीमीटर खचली आणि पाणी जिथल्या तिथे आहे. टेपवर पाणी ३० सेंटीमीटर ‘वर आलेलं’ दिसेल. वहीत जुनीच उंची असेल तर हा खोटा चढ थेट आलेखात जातो. म्हणून भरावातल्या विहिरींची उंची दर वर्षी, पावसाळा संपल्यावर, पुन्हा घ्यायची. पाइप वाकला आहे का तेही बघा: टेपइतक्याच जाडीचं वजन आत सोडलं की ते पूर्वीच्याच खोलीपर्यंत जातं का? नसेल जात तर पाइप दबला किंवा तळात गाळ साचला.

## टप्पा ५: पातळी मोजणं

विद्युत टेप वापरा, टोक पाण्याला टेकलं की वाजणारा. आवाज आला की टेप थोडा वर घ्या, पुन्हा सोडा. दोन वाचनांत एका सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसरं वाचन घ्या. पाणी खारट असेल तर ओल्या भिंतीवरही टेप वाजतो, तेव्हा संवेदनशीलता कमी करा.

हिशेब सोपा: खाचेची उंची १९२.४० मीटर, पाण्याची खोली ३१.७५ मीटर, म्हणजे पाण्याची उंची १६०.६५ मीटर. आलेखात नेहमी ही शेवटची संख्या. ‘जमिनीखाली इतके मीटर’ हा आकडा दोन विहिरींची तुलना करायला निरुपयोगी.

मोजणीच्या दिवशी आजूबाजूचे शेतीपंप बंद होते की चालू, हे लिहाच. आपल्याकडे शेतीची वीज पाळीने येते. वीज आली की सगळे पंप एकदम सुरू होतात आणि तासाभरात पातळी खाली जाते. विजेची पाळी नसतानाची वेळ गाठा. सगळ्या विहिरी एक-दोन दिवसांत उरका, आणि क्रम स्वच्छ पाण्याकडून खराब पाण्याकडे: आधी नियंत्रण विहीर, शेवटी भराव. मधल्या प्रत्येक विहिरीनंतर टेप शुद्ध पाण्याने धुवा.

किती वेळा? पंप थांबल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दरमहा. नंतर केंद्रीय भूजल मंडळाच्या वेळापत्रकाशी जुळवून वर्षातून चारदा: जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. त्यांच्या विहिरींशी थेट ताडता येतं, हा मोठा फायदा.

स्वयंचलित लॉगर (पाण्यात सोडलेलं, पातळी आपोआप नोंदणारं यंत्र) बसवला असेल तर एक गोम लक्षात ठेवा. बहुतेक लॉगर पाण्याचा आणि हवेचा दाब एकत्र मोजतात. हवेचा दाब १० मिलिबारने बदलला की पाणी सुमारे १० सेंटीमीटर हललं असं वाटतं. बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा आला की एवढा बदल सहज होतो. त्यासाठी एक वेगळा हवेचा लॉगर लागतो, आणि दर भेटीत हाताने मोजून लॉगरचं वाचन पडताळावं लागतं. लॉगर आहे म्हणून टेप घरी ठेवणं चालत नाही.

इशारा: झाकण उघडल्यावर लगेच वाकून आत बघू नका. जुन्या कोळशाच्या कामांशी जोडलेल्या बोअरमधून प्राणवायू कमी असलेली हवा किंवा मिथेन वर येऊ शकतो. काही मिनिटं थांबा, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, विडी-काडी नाही. मोकळ्या खड्ड्याच्या काठावर पावसाळ्यात एकट्याने जाऊ नका. काठ खालून ढासळलेला असतो आणि वरून कळत नाही.

## टप्पा ६: नमुना घेणं

पातळी आधी, नमुना नंतर. उलट केलं तर उपशाने हललेली पातळी नोंदवाल.

पाइपमध्ये उभं असलेलं पाणी हे जलधराचं पाणी नव्हे. ते हवेशी खेळलेलं असतं, लोह खाली बसलेलं असतं. म्हणून पाइपातल्या पाण्याच्या किमान तिप्पट उपसा करायचा. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला सुमारे ७.८५ लिटर पाणी असतं. पाण्याचा स्तंभ ४० मीटर असेल तर ३१४ लिटर, तिप्पट म्हणजे साधारण ९४० लिटर. साडेसहा इंची बोअरमध्ये हाच हिशेब मीटरला २१ लिटरच्या वर जातो, अडीच हजार लिटरपर्यंत. बेलरने (दोरीने सोडायच्या नळीने) हे होत नाही. छोटा सबमर्सिबल न्या आणि पाणी विहिरीपासून लांब सोडा.

उपसा चालू असताना दर पाच मिनिटांनी पीएच, विद्युतवाहकता आणि तापमान लिहा. सलग तीन वाचनांत पीएच ०.१ च्या आत आणि वाहकता ३ ते ५ टक्क्यांच्या आत राहिली की नमुना घ्या. मीटर त्याच सकाळी बफरवर (पीएच माहीत असलेल्या द्रावणावर) तपासलेला असावा.

मग बाटल्या. इथे क्रम चुकला की सगळं फुकट:

1. क्षार आणि अल्कतेसाठी (पाण्याची आम्ल मारण्याची ताकद): गाळलेलं किंवा नितळ पाणी, आम्ल नाही, बाटली काठोकाठ भरून हवा न ठेवता.
2. विरघळलेल्या धातूंसाठी: विहिरीवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, त्यानंतर नायट्रिक आम्ल, पीएच २ च्या खाली जाईपर्यंत.
3. नायट्रेटसाठी: वेगळी बाटली, थंड, प्रयोगशाळेत दोन दिवसांच्या आत.

दुसऱ्या बाटलीत आम्ल आधी आणि गाळणी नंतर असा उलटा क्रम केला, तर तरंगती माती आम्लात विरघळते आणि लोह-मँगॅनीज कितीतरी पट जास्त दिसतं. पाण्यात लोह अचानक ‘वाढल्याच्या’ तक्रारींत हे कारण पहिलं तपासा. आणि धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल आहे. तिच्यातूनच नायट्रेट मोजायला सांगणारेही भेटतात, तेव्हा आम्लाचाच नायट्रेट मोजला जाईल.

अल्कता शक्यतो विहिरीवरच मोजा. नमुने बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास. चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद जीपच्या डिकीत काय तापमान असतं, हे वेगळं सांगायला नको.

दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी नमुना (त्याच विहिरीचा दुसरा) वेगळ्या नावाने द्या, आणि प्रत्येक फेरीत एक शुद्ध पाण्याची बाटली त्याच गाळणीतून भरून पाठवा.

## टप्पा ७: प्रयोगशाळेत काय मागायचं

पीएच, वाहकता, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार), कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, मँगॅनीज. राख भरलेली असेल तर आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम आणि मॉलिब्डेनम वाढवा. गावाच्या पिण्याच्या विहिरीत जंतुतपासणी वेगळी.

सल्फेट हा इथला मुख्य साक्षीदार. कोळशासोबतच्या पायराइटवर (लोह-गंधकाच्या खनिजावर) हवा-पाण्याची क्रिया झाली की आम्ल आणि सल्फेट तयार होतं. मेघालय-आसामचा कोळसा गंधकाने भरलेला, तिथे पाणी उघड आम्लधर्मी होतं. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी, आणि खडकातलं कार्बोनेट आम्ल मारून टाकतं. पीएच ७.५ राहतो, सल्फेट आणि कठीणपणा मात्र चढत जातो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात सल्फेटची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसताना ४००. टीडीएसची ५०० आणि २०००.

अहवाल आला की आधी विद्युतभाराचा ताळा करा. सगळे आयन (विरघळलेले भारित कण) मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे भार मोजण्याच्या एककात, बदला (सल्फेट ४८ मिलिग्रॅम म्हणजे १) आणि धन-ऋण बेरजांमधला फरक एकूण बेरजेच्या ५ टक्क्यांच्या आत आहे का पाहा. नसेल तर अहवाल परत पाठवा. टीडीएस भागिले वाहकता हा आकडा साधारण ०.५५ ते ०.७५ असतो, सल्फेटयुक्त पाण्यात त्याहून वर. सगळीकडे हुबेहूब ०.६४ आला असेल तर टीडीएस मोजलेलाच नाही, वाहकतेला गुणून टाकला आहे.

## टप्पा ८: आकडे वाचणं

मेची तुलना मेशी, नोव्हेंबरची नोव्हेंबरशी. शेजारी त्या वर्षाचा महसूल मंडळनिहाय पाऊस लावा. मग नियंत्रण विहिरीतला बदल वजा करा: भरावाजवळ दोन मीटर वाढ आणि नियंत्रण विहिरीतही दीड मीटर, तर खाणीच्या सावरण्याचा वाटा अर्धा मीटर. बाकी पावसाची कृपा.

सावरण्याचं प्रमाण काढायचं सूत्र: (आजची पातळी − सर्वांत खालची पातळी) भागिले (खाणीआधीची पातळी − सर्वांत खालची पातळी), गुणिले १००. समजा खाणीआधी १८२ मीटर, सर्वांत खाली १२४, आज १६५: ४१ भागिले ५८, म्हणजे ७१ टक्के. चढ आधी वेगाने होतो आणि वर येईल तसा मंदावतो, कारण आत येणाऱ्या पाण्याचा जोर कमी होतो. पहिल्या तीन वर्षांची सरळ रेषा पुढे ओढून ‘अमुक साली पूर्ण’ असं लिहिणं म्हणूनच चूक. मोकळ्या खड्ड्यातून बाष्पीभवन चालू राहिलं तर मूळ पातळी कधीच न येणंही शक्य आहे.

सर्वांत महत्त्वाचा आलेख वेगळाच. खड्ड्याची किंवा भरावाची पातळी आणि गावाकडच्या कामठी विहिरीची पातळी एकाच कागदावर काढा. भरावातलं पाणी खाली आहे तोवर पाणी चारी बाजूंनी खाणीकडे येतं, आणि गावची विहीर स्वच्छ राहते. लोक यावर निर्धास्त होतात. ज्या हंगामात भरावाची रेषा गावच्या रेषेला ओलांडून वर जाते, त्या हंगामापासून प्रवाह उलटतो. रेषा जवळ येऊ लागल्या की त्या बाजूच्या विहिरींची प्रत दरमहा तपासायला घ्या. प्रत्यक्ष सल्फेट पोचायला महिने किंवा वर्षं लागतील, पण तोवर आधीची नोंद हातात हवी. वर्धा किंवा पैनगंगेला पूर असताना नदीकाठी हा उतार काही दिवस पुन्हा उलटा होतो. त्या आठवड्याच्या वाचनावर निष्कर्ष काढू नका.

प्रत वाचताना सल्फेट आणि क्लोराइडचं गुणोत्तर बघा. दोन्ही सोबत वाढले तर बाष्पीभवन किंवा सांडपाणी. सल्फेट एकटं वाढलं तर बोट खाणीकडे. नायट्रेट भरावात सुरुवातीला जास्त असू शकतं, कारण सुरुंगाच्या अमोनियम नायट्रेटचे अंश ओबीत राहतात. ते काही वर्षांत उतरतं. शेताच्या कडेच्या विहिरीत मात्र युरियाचाच संशय आधी घ्या. फ्लोराइडचं तर खाणीवर सरसकट खापर फोडू नका. चंद्रपूर आणि यवतमाळच्या अनेक गावांत ते खडकातूनच येतं, खाण नसलेल्या ठिकाणीही १.५ मिलिग्रॅमच्या वर जातं. नियंत्रण विहीर इथेही कामाला येते.

तपासा: एखादा आकडा एकदम उडाला तर घाईने तक्रार नाही आणि घाईने खोडाखोडही नाही. दुहेरी नमुना, शुद्ध पाण्याची बाटली, आयनांचा ताळा, उपशाची नोंद, या क्रमाने बघा. सगळं ठीक असेल तर दोन आठवड्यांत पुन्हा नमुना. तोही तसाच आला आणि विहीर पिण्याची असेल, तर ग्रामपंचायतीला लेखी कळवून पर्यायी पाणी सुरू करायचं. कारण शोधणं त्यानंतर.

## टप्पा ९: थांबायचं कधी, आणि विहिरींचं काय करायचं

पातळी स्थिर झाली म्हणून प्रतीची मोजणी थांबवू नका. भरावातलं सल्फेट सलग काही वर्षं, त्याच महिन्यांत मोजून, उतरताना दिसलं आणि उताराच्या बाजूच्या विहिरी नियंत्रण विहिरीसारख्याच वागत असल्या, तर फेऱ्या वर्षातून दोनवर आणता येतात. मधल्या काळात शेजारच्या खाणीचे पंप बंद झाले तर पातळी पुन्हा चढेल, कोरडा राहिलेला वरचा भराव पहिल्यांदा भिजेल, आणि मासिक फेऱ्या परत सुरू कराव्या लागतील.

वही एका माणसाच्या कपाटात ठेवू नका. खाचेचे फोटो, उंचीचे तक्ते, बोअरचे छेद आणि कुलपांच्या चाव्यांची यादी ग्रामपंचायत आणि खाण कार्यालय दोन्हीकडे असावी.

नको असलेली निरीक्षण विहीर तशीच सोडणं किंवा वर दगड ठेवून बुजवणं सर्वांत घातक. पाइप गंजतो, सील फुटतं, आणि भरावातलं पाणी थेट कामठीत उतरायला वाट मिळते. तळापासून पाइपने सिमेंटचं पातळ मिश्रण भरत वर आणा, वरून ओतू नका. मध्ये पोकळी राहते. शेवटचा एक मीटर मातीने झाका आणि जागा नकाशावर ‘बंद’ म्हणून तारखेसह नोंदवा.